मंदिर उभे राहिले. आता गाणे कोणाचे?

नाताळच्या मध्यरात्री ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतून घंटा वाजतात, दिवे लागतात, गाणी म्हटली जातात. पॅरिसच्या नोत्र दाम या महामंदिरात २०१९ साली ती रात्र सुनी गेली. १८०३ पासून तेथे नाताळची उपासना चुकली नव्हती. दोन महायुद्धे झाली, शहर परक्या सैन्याच्या ताब्यात गेले, तरी ख्रिस्तजन्माची रात्र त्या वास्तूत साजरी होत राहिली. २०१९ मध्ये मात्र छप्पर जळून गेले होते, मध्यभागी राखेचे व जळक्या लाकडांचे ढीग होते, आणि गायकवृंद दुसऱ्या चर्चच्या आश्रयाला गेला होता.

ते मंदिर ७ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा उघडले. त्या सोहळ्याचे वर्णन वृत्तपत्रांतून पुष्कळ झाले आहे. कौतुकाचा भर ओसरल्यावर जे प्रश्न मागे उरले, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटतात. जीर्णोद्धार झालेली वास्तू कोणाची? तेथे लोटणारी गर्दी भाविकांची की प्रेक्षकांची? तेथील गायन ही सेवा की कार्यक्रम? आणि त्याला तिकीट असावे काय? चिपळ्या हाती घेऊन देवापुढे उभे राहण्यात आमची चाळीस वर्षे गेली. उपासना आणि कला यांच्यामधला उंबरठा आम्ही रोज ओलांडतो. त्यामुळे धर्म निराळा असला तरी प्रश्न परके वाटत नाहीत. नाताळच्या निमित्ताने त्यांचा विचार करण्याचे योजिले आहे.

पवित्र सप्ताहातील सोमवार

१५ एप्रिल २०१९ हा ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे पवित्र सप्ताहातील सोमवार. सायंकाळची उपासना चालू असताना धोक्याची सूचना झाली. परंतु आगीची जागा समजण्यात घोटाळा झाला आणि रखवालदार शोधास गेला तो भलत्याच माळ्यावर. सुमारे अर्धा तास असा वाया गेला. तेवढ्यात छपराखालच्या ओकच्या तुळयांनी पेट घेतला. त्या तुळयांची दाटी एवढी की फ्रेंच लोक त्या माळ्यास ‘अरण्य’ म्हणत. दीड तासाच्या आत ९६ मीटर उंचीचा निमुळता मनोरा कोसळला आणि जाताना दगडी कमानछत फोडून आत गेला. सुमारे सहाशे अग्निशामक रात्रभर झुंजले. दोन्ही बुरूज वाचले, भिंती वाचल्या, गुलाबाकृती खिडक्या वाचल्या. ख्रिस्ताच्या मस्तकावरील काटेरी मुकुट म्हणून जो अवशेष तेथे पूजिला जातो, तोही धुरातून बाहेर काढण्यात आला. प्राणहानी झाली नाही. सिगारेटच्या थोटकापासून विजेच्या दोषापर्यंत सर्व शक्यता तपासल्या गेल्या. घातपाताचा पुरावा मिळाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पैशाचा ओघ सुरू झाला. सुमारे १५० देशांतील ३ लाख ४० हजार दात्यांनी मिळून जवळजवळ ८४ कोटी ६० लाख युरो दिले. त्यांत अब्जाधीश होते, तसे दोन-पाच युरो पाठविणारेही होते. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी पाच वर्षांची मुदत जाहीर केली, आणि कामाची सूत्रे जनरल जाँ-लुई जॉर्जलँ या निवृत्त सेनाधिकाऱ्याच्या हाती दिली. वितळलेल्या शिशाच्या धुळीमुळे काम थांबले, मग महामारीने थांबले. तरी अडीचशे व्यवसायसंस्था आणि दोन हजारांवर कारागीर कामाला लागून पाच वर्षे आठ महिन्यांच्या आत मंदिर उघडले. जनरल जॉर्जलँ यांना तो दिवस पाहावयास मिळाला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये डोंगरात पदभ्रमण करीत असता त्यांचा अपघाती मृत्यू झाला.

मालकी, वहिवाट आणि सेवा

हे काम सरकारने का केले, असा प्रश्न आपल्याकडील वाचकास पडेल. त्याचे उत्तर १९०५ च्या कायद्यात आहे. त्या वर्षी फ्रान्समध्ये राज्यसंस्था आणि धर्मसंस्था विभक्त झाल्या. परिणामी त्यापूर्वीची कॅथेड्रले शासनाच्या मालकीची ठरली. गावोगावची जुनी चर्चे त्या त्या स्थानिक संस्थांची झाली. वापर मात्र उपासनेसाठी, विनामूल्य आणि कायमचा, कॅथलिक समाजाकडे राहिला. म्हणजे भिंत सरकारची, भिंतीच्या आतली प्रार्थना धर्मसंस्थेची. दुरुस्तीचा भार मालकावर, दिवाबत्तीचा भार सेवेकऱ्यावर.

देवस्थानाच्या कारभारात मालकी, वहिवाट आणि सेवा हे तीन शब्द निराळे असतात, ही गोष्ट आमच्या क्षेत्राच्या गावी कोणाही जुन्या माणसास समजावून सांगावी लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे दावे त्यावर चालले आहेत. फ्रान्सने ही वाटणी कायद्याने केली आणि ती शंभर वर्षे टिकली. परंतु अशा वाटणीत एक अडचण मूळचीच असते. वास्तूला पैसा लागतो तेव्हा मालक विचारतो, ‘एवढे लोक पाहावयास येतात, मग त्यांच्याकडून का घेऊ नये?’ आणि सेवेकरी म्हणतो, ‘देवाच्या दारात पैसे मागू नका.’ नोत्र दामच्या बाबतीत हा संवाद अक्षरशः घडला. त्याकडे पुढे येऊ.

जसे होते तसे

आग विझते न विझते तोच दुसरा वाद पेटला. पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी नव्या मनोऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धेची घोषणा केली. काचेचा मनोरा, छपरावर बाग, अशा नाना कल्पना पुढे आल्या. संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने पूर्वीच्या रूपाचा आग्रह धरला. प्रमुख वास्तुशास्त्रज्ञ फिलिप व्हिलनव्ह यांचीही भूमिका तीच होती. जुलै २०२० मध्ये निर्णय झाला : मनोरा होता तसाच, ओकचा व शिशाच्या आच्छादनाचा.

हा निर्णय वाचला तेव्हा आम्हांस अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधीचे स्मरण झाले. जुनी मूर्ती ज्या द्रव्याची आणि ज्या मानाची असेल, त्याच द्रव्याची आणि त्याच मानाची नवी स्थापावी, असा तेथील आशय आहे. मयमतासारख्या शिल्पग्रंथानेही जीर्णोद्धाराला स्वतंत्र अध्याय दिला आहे. म्हणजे ‘नवे बांधणे’ आणि ‘जीर्णाचा उद्धार करणे’ ही दोन भिन्न कर्मे आहेत, याची जाण आपल्या शास्त्रकारांस पूर्ण होती. नवे बांधणारा आपली कल्पना मांडतो. उद्धार करणारा पूर्वजांची कल्पना शिरोधार्य मानतो.

येथे मात्र एक सूक्ष्म प्रश्न आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जो मनोरा ‘जसा होता तसा’ उभारला, तो मुळात मध्ययुगीन नव्हताच. मंदिराची पायाभरणी ११६३ ची. पहिला मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस मोडकळीस आल्याने उतरविण्यात आला. पुढे राज्यक्रांतीत मंदिराची विटंबना झाली, दर्शनी भागावरील राजांच्या मूर्तींची मस्तके उडविली गेली, आणि वास्तू दुर्दशेला पोहोचली. १८३१ साली व्हिक्टर ह्यूगो यांची कादंबरी आली आणि लोकमत जागे झाले. मग व्हियोले-ल-द्युक यांनी १८४४ पासून वीस वर्षे खपून मंदिर सावरले, आणि १८५९ मध्ये मनोरा उभारला तो स्वतःच्या कल्पनेने, पूर्वीहून उंच. त्याच्या पायथ्याशी तांब्याच्या सोळा मूर्ती बसविल्या. त्यांतील संत थॉमसच्या मूर्तीला स्वतःचा चेहरा दिला आणि तिला मनोऱ्याकडे पाहत उभे केले! या सोळाही मूर्ती आगीच्या चारच दिवस आधी दुरुस्तीसाठी उतरविल्या होत्या, म्हणून बचावल्या.

तेव्हा आजचे ‘पुरातन’ हे कालचे ‘नवीन’ होते. मग ‘जसे होते तसे’ यास अर्थ काय? आमच्या मते अर्थ आहे. काळ हाही एक स्थपती आहे. एकशेसाठ वर्षे लोकांनी ज्या आकाराकडे पाहून हात जोडले, तो आकार मूळचा कोणाचा, हा प्रश्न गौण होतो. परंपरा ही अखंड वापराने सिद्ध होते.

आधी मोजून ठेवले होते

या साऱ्या कथेत आमच्या मनावर खोल ठसलेली गोष्ट पैशाची नव्हे, मोजमापाची आहे. २०१० साली अँड्र्यू टॅलन या अमेरिकन कलेतिहासकाराने लेसर किरणांच्या साहाय्याने संपूर्ण मंदिराचे सूक्ष्म मापन करून ठेवले होते. २०१८ मध्ये ते निवर्तले. आपल्या कामाचा असा उपयोग होईल हे त्यांस ठाऊक नव्हते. त्यानंतर २०१४ पर्यंत दोन फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञांनी त्या ‘अरण्या’तील तुळई न्‌ तुळई मोजून तिचे आलेख काढले. आणि २०१३ मध्ये ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांनी मंदिरातील घुमण्याचेही मापन केले. त्या विशाल पोकळीत स्वर सुमारे सहा सेकंद रेंगाळत असे.

आगीनंतर या तिन्ही वह्या उघडल्या गेल्या. सुमारे दोन हजार ओक वृक्ष निवडले. लाकूड वाळवून यंत्रावर कापण्याऐवजी ओले असतानाच कुऱ्हाडीने तासले, कारण तेराव्या शतकातील सुतार तसेच करीत आणि तंतूंच्या दिशेने तासलेली तुळई अधिक टिकते. ही विद्या जाणणारे सुतार फ्रान्समध्ये थोडे का होईना शिल्लक होते, म्हणूनच हे शक्य झाले. पैसा लाकूड आणू शकतो. कुऱ्हाड धरणारा हात पैशाने एका रात्रीत तयार होत नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? किती मंदिरांच्या मंडपांचे नीट आलेख आहेत? किती कीर्तनकारांच्या चाली कोणी लिहून वा मुद्रित करून ठेवल्या आहेत? आमच्या गुरुपिढीतील कित्येकांची आख्याने त्यांच्याबरोबर गेली. त्यांना आग लागली नाही, पण परिणाम तोच. हा दोष कोणा परक्याचा नाही. आमच्याच पिढीचा आहे.

आठ हजार नळ्यांचा श्वास

मंदिर उभे राहिले म्हणजे दगड उभे राहिले. त्यात प्राण फुंकला तो संगीताने, आणि हे अलंकारिक बोलणे नव्हे. नोत्र दामचे नाव संगीताच्या इतिहासात वास्तूच्या बरोबरीने घेतले जाते. युरोपात एकाच वेळी अनेक भिन्न स्वरपंक्ती गाण्याची जी पद्धत रुजली, तिची एक मोठी शाळा याच मंदिराच्या छायेत बाराव्या-तेराव्या शतकांत फुलली. लेओनँ आणि पेरोतँ ही त्या शाळेतील दोन नावे. पेरोतँ याची चार आवाजांसाठी बांधलेली जी रचना आजही गायिली जाते, ती नाताळच्या उपासनेतील एका गीतावरच आधारलेली आहे. आपले संगीत एका स्वराचा शोध घेत खोल उतरते. त्यांचे संगीत अनेक स्वर एकावर एक रचून उंच चढते. नोत्र दामच्या भिंती वर चढत होत्या त्याच काळात तेथील गाणेही असे मजल्यांनी चढत होते, हा योगायोग म्हणवत नाही.

तेथील मोठा ऑर्गन सुमारे आठ हजार नळ्यांचा, पाच स्वरपट्ट्यांचा. अरिस्तीद काव्हाये-कॉल या थोर कारागिराने १८६८ मध्ये त्यास नवे रूप दिले. लुई व्हिएर्न हे जवळजवळ अंध असलेले वादक १९०० पासून त्याची सेवा करीत होते. २ जून १९३७ रोजी वादन चालू असताना त्याच आसनावर त्यांनी देह ठेवला. कीर्तनात उभ्या उभ्या देह पडावा, अशी इच्छा आमच्याकडेही बोलून दाखवितात. ती त्यांच्या बाबतीत तिकडे खरी झाली.

आगीच्या ज्वाळा ऑर्गनपर्यंत पोहोचल्या नाहीत, पण शिशाची धूळ नळ्यानळ्यांत बसली. २०२० मध्ये तो सुटा करण्यात आला, निरनिराळ्या कारखान्यांत साफ झाला, पुन्हा जुळविला गेला. नंतर एकेका नळीचा स्वर मिळविण्यास सुमारे सहा महिने लागले, आणि ते काम रात्री चाले. कारण दिवसा हातोड्यांचा आवाज. तंबोऱ्याची जवारी काढण्यास बसलेल्या माणसास शांतता का लागते, हे ज्याने पाहिले आहे त्यास या रात्रींची कल्पना येईल.

उद्घाटनाच्या सायंकाळी आर्चबिशप लोराँ उलरिश यांनी धर्मदंडाने दारावर प्रहार केले, दार उघडले, आणि मग ऑर्गनला जागे करण्याचा विधी झाला. आर्चबिशपांनी आठ वेळा त्या वाद्यास हाक दिली, आणि प्रत्येक हाकेला वादकांनी उत्स्फूर्त वादनाने उत्तर दिले. वाद्याला नावाने पुकारून जागविणे, त्याने ‘ओ’ देणे! मृदंगाची पूजा करून मग त्यावर थाप देणाऱ्या आम्हा लोकांस त्यात नवल वाटले नाही, पण डोळे भरून आले.

येथे एक नाते सांगण्याजोगे आहे. आमच्या साथीला असते ती पेटी, हार्मोनियम, मूळची पॅरिसचीच. अलेक्साँद्र दबँ यांनी १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले. काव्हाये-कॉल यांनीही तरुणपणी त्याच जातीचे, पत्तीच्या स्वरांचे एक वाद्य घडविले होते. मिशनरी व गोरे अधिकारी यांच्याबरोबर ती आपल्याकडे आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून बसणाऱ्या वादकाच्या सोयीची केली, आणि महाराष्ट्रात ती भजनापासून संगीत नाटकापर्यंत सर्वत्र शिरली. आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षे तिला ‘परकी’ म्हणून बाहेर ठेवले, पण देवळाने कधीच ठेवले नाही. ज्या शहरात नोत्र दामचा ऑर्गन गर्जतो, त्याच शहरात जन्मलेले त्याचे धाकटे भावंड विठ्ठलापुढे सूर धरते.

उंबरठ्यावरचा पैसा

आता मूळ वादाकडे वळू. उद्घाटनाच्या निमित्ताने एक भव्य संगीत कार्यक्रम झाला. यो-यो मा, लांग लांग यांच्यासारखे जगप्रसिद्ध वादक आणि फॅरेल विल्यम्स यांच्यासारखे लोकप्रिय गायकही त्यात होते. वादळी हवेमुळे तो आदल्या रात्रीच मुद्रित करून दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला. ते सारे समारंभाचे अंग होते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. विचार करावयाचा तो त्यानंतरच्या नित्यक्रमाचा. डिसेंबर २०२४ मध्येच मंदिराच्या गायकवृंदाने बाखच्या ‘मॅग्निफिकाट’ने, म्हणजे माता मरियमेच्या स्तुतिगीताने, संगीतसत्राचा आरंभ केला. तेव्हापासून दिवसा उपासनेत गायन आणि काही सायंकाळी तिकीट लावून मैफल असा क्रम चालू आहे.

कॅथलिक धर्मसंस्थेने या विषयी १९८७ साली रोमहून एक पत्रक काढले होते. त्यात म्हटल्याचा मथितार्थ असा : चर्च हे कोणत्याही सभेसाठी वापरावयाचे सार्वजनिक सभागृह नव्हे, तेथे गायनवादन व्हावयाचे तर ते धर्मसंगीत असावे, वादकांनी वेदीच्या जागेत बसू नये, आणि प्रवेश विनामूल्य असावा. नियम स्पष्ट आहे. व्यवहार मात्र नियमाप्रमाणे चालत नाही, आणि तो का चालत नाही हेही स्पष्ट आहे. लहान मुलांपासून प्रौढांपर्यंत गायकांना शिकविणारी शाळा चालवायची, आठशे वर्षांचे संगीत गात ठेवायचे, तर शिक्षकास पगार लागतो, वादकास मानधन लागते.

आम्ही हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. वारकरी परंपरेत कीर्तनाचा मोबदला घेऊ नये असा दंडक आहे. तो आम्ही लहानपणापासून ऐकला, पुढे कीर्तनात सांगितलाही. आणि बिदागीही घेतली. घर चालवावयाचे होते, तबलजी-पेटीवाल्याचे घर चालवावयाचे होते. एका गावी कीर्तन संपल्यावर आम्ही पाकीट मोजले आणि ते कमी वाटून मन खट्टू झाले. दारात एक वृद्ध बाई आमच्या पाया पडण्यासाठी थांबली होती, तिच्याकडे लक्षच गेले नाही. ती रात्र आम्ही विसरलो नाही. पैसा घेण्यात पाप नव्हते. पैशाने नजर फिरली, त्यात होते.

म्हणून नोत्र दामच्या वादात आम्हांस दोन गोष्टी वेगळ्या काढाव्याशा वाटतात : गाण्याचे तिकीट आणि दाराचे तिकीट. ऑक्टोबर २०२४ मध्ये सांस्कृतिक मंत्री रशिदा दाती यांनी सुचविले की पर्यटकांकडून पाच युरो प्रवेशमूल्य घ्यावे आणि त्या पैशात देशभरच्या पडक्या चर्चची डागडुजी करावी. हेतू वाईट नव्हता. फ्रान्समध्ये चाळीस हजारांहून अधिक चर्चे व चॅपेले आहेत. खेड्यांतील कित्येकांची छपरे गळत आहेत, आणि लहान गावांना तो खर्च पेलत नाही. २०२३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय निधीची मोहीमही सुरू करावी लागली. एका प्रसिद्ध मंदिरासाठी जगाने ८४ कोटींवर युरो दिले, इतके की मुख्य काम भागून सुमारे १४ कोटी बाहेरील भागाच्या दुरुस्तीसाठी उरले. आणि खेड्यातल्या चर्चला कौलांचे पैसे नाहीत! कळसाला सोने आणि पायरीला चिरा नाही, ही तऱ्हा आपल्या ओळखीची आहे.

तरीही पॅरिसच्या धर्मप्रांताने प्रवेशमूल्य नाकारले, आणि आमच्या मते योग्य केले. १९०५ च्या कायद्याची मूळ भावनाही तीच होती. त्यांचा युक्तिवाद साधा होता : दारात येणारा कोण प्रवासी आणि कोण यात्रेकरू, हे ठरविणार कोण? मनुष्य पाहावयास येतो आणि गुडघे टेकून जातो. कधी उलटही घडते. बुरुजांवर चढण्यास मात्र शासनाची संस्था सोळा युरो घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा खुले झाले. चारशे चोवीस पायऱ्या चढून शहर पाहावयाचे असेल तर पैसे द्यावेत, यात गैर काही नाही. वर चढणारा दृश्य घेतो. खाली बसणारा काही घेत नाही, तो केवळ असतो. दर्शनाच्या रांगेत पैशाने पुढे सरकता येते असे आपल्याकडे जेथे घडते, तेथे मागे राहिलेल्या माणसाच्या मनात काय होते ते आम्ही त्याच्या शेजारी उभे राहून पाहिले आहे.

आपल्या जवळचे उदाहरण हवे तर जुन्या गोव्यातील मॉन्तच्या टेकडीवरील चॅपेलचे घ्यावे. फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या पुढाकाराने ती वास्तू सावरली गेली आणि तेथे पाश्चात्य व हिंदुस्थानी अशा दोन्ही संगीतांचा उत्सव भरू लागला. जुन्या भिंतींना गाणे मिळाले की त्या जगतात. प्रश्न गाणे असावे की नसावे हा नाहीच.

काचांचा वाद

एक वाद अजून निवळलेला नाही. मंदिराच्या दक्षिण बाजूच्या सहा खिडक्यांत व्हियोले-ल-द्युकच्या काळातील काचा आहेत. त्या आगीत भंगल्या नाहीत. त्या काढून आजच्या काळाची खूण म्हणून नव्या काचा बसवाव्यात असे राष्ट्राध्यक्ष व आर्चबिशप यांनी ठरविले. जुलै २०२४ मध्ये वारसाविषयक राष्ट्रीय आयोगाने एकमताने विरोध केला. लाखो लोकांनी विरोधी अर्जावर सह्या केल्या. तरी डिसेंबर २०२४ मध्ये क्लेर ताबुरे या चित्रकर्तीची निवड झाली.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. याच मंदिरात विसाव्या शतकातल्या रंगीत काचाही आहेत, आणि त्या कोणाला आज खुपत नाहीत. प्रत्येक पिढीने काही तरी वाहावे, ही इच्छा भक्तीचीच आहे. परंतु जे जीर्ण झाले त्याचा उद्धार करावा. जे धडधाकट आहे ते उपटून नवे बसविणे हा जीर्णोद्धार नव्हे. त्यास दुसरे नाव द्यावे आणि मग त्याच्या गुणदोषांवर चर्चा करावी. शब्द नीट वापरले तर निम्मे वाद मिटतात.

कसोटी

मंदिर उघडल्यावर पहिल्या सहा-सात महिन्यांतच साठ लाखांहून अधिक लोक त्यात येऊन गेले. एवढ्या लोंढ्यात उपासना कशी टिकवावी, हा पुढील काळाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणताही वास्तुशास्त्रज्ञ देणार नाही. दगडाचा उद्धार एकदा होतो. वापराचा उद्धार रोज करावा लागतो.

आमची कसोटी लहान आहे. सायंकाळी मैफल आहे म्हणून दुपारी एखाद्या म्हाताऱ्या माणसास ‘उठा, खुर्च्या मांडायच्या आहेत’ असे सांगितले जाते काय? खिशात काही नसलेला मनुष्य आत येऊन अर्धा तास गप्प बसू शकतो काय? तिकिटाचे पैसे गायकाच्या शिक्षणास लागतात, की गाणे तिकिटासाठी निवडले जाते? या तीन प्रश्नांची उत्तरे ठीक असतील, तर तेथे कितीही मैफली होवोत. आणि हेच तीन प्रश्न आमच्या मंडपातही विचारता येतील.

शेवटी एक प्रसंग. २०२० च्या नाताळाचा. मंदिर अजून उघडे-बोडके होते, श्रोत्यांस प्रवेश नव्हता. तशा स्थितीत गायकवृंदातील आठ जण डोक्यावर कारागिरांची शिरस्त्राणे आणि अंगात संरक्षक पोशाख घालून आत गेले. मोठा ऑर्गन सुटा केलेला, म्हणून एक लहान ऑर्गन भाड्याने आणलेला. समोर एकही माणूस नव्हता. दूरचित्रवाणीवरून लोकांनी ते ऐकले. भंगलेल्या छताखाली त्यांनी नाताळची गाणी म्हटली. त्या वेळी ना मनोरा होता, ना तिकीट, ना टाळ्या. गाणे होते. चार वर्षांनी जे मंदिर उघडले, त्याचा जीर्णोद्धार आम्ही त्या गाण्यापासून मोजतो.

वाचकांस नाताळच्या शुभेच्छा.